चित्रतबकडीचे वाचन : इतिहासाच्या एका नव्या साधनाची चिकित्सा
(माण, तालुका मुळशी, या गावाच्या संदर्भाने)

१

पुणे शहराच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्याच्या पूर्व भागात, हिंजवडीला लागून माण हे गाव आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत त्याची ओळख एक शेतीप्रधान गाव अशीच होती. त्या दशकाच्या शेवटी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी परिसरात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाची उभारणी हाती घेतली आणि त्याच्या पुढील टप्प्यांनी माणची शिवारे व्यापली. इन्फोसिससारख्या संस्थेच्या दुसऱ्या टप्प्यातील संकुलाचा पत्ता आजही ‘माण गाव, तालुका मुळशी’ असाच लिहिला जातो. पुढे शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोमार्गाचे आगारही याच गावच्या हद्दीत योजिले गेले. एका पिढीच्या अवधीत शेताचे भूखंड झाले, बांधांच्या जागी रस्ते आले, आणि गावाचे रूप पालटून गेले.

या स्थित्यंतराचा इतिहास उद्या कोणी लिहावयास घेतला, तर त्याने कोणत्या साधनांचा आश्रय करावा? सातबाराचे उतारे, फेरफार नोंदी, भूसंपादनाच्या अधिसूचना, ग्रामपंचायतीची इतिवृत्ते, वृत्तपत्रे ही साधने त्यास मिळतील. जमीन कोणाची होती आणि कोणाकडे गेली, हे त्यांवरून कळेल. परंतु ती जमीन कशी दिसत होती, घरे कोणत्या बांधणीची होती, मांडव कोठे पडत असे, पंगतीस कोण कोणाशेजारी बसे, वरातीची वाट कोणत्या शेताच्या कडेने जात असे, या गोष्टी उताऱ्यात सापडत नाहीत. त्या सापडण्याची शक्यता एका वेगळ्याच साधनात आहे. शहरालगतच्या अशा गावांतून सुमारे २००० ते २०१२ या काळात लग्नसमारंभाचे, जत्रेचे, वास्तुशांतीचे वा सत्काराचे चित्रण करवून घेण्याची व ते तबकडीवर उतरवून घरी ठेवण्याची रीत रूढ झाली होती. लोकभाषेत तिला ‘लग्नाची सीडी’ म्हणत. माणच्या भूमीचे रूपांतर ज्या वर्षांत होत होते, नेमक्या त्याच वर्षांत ही रीत भरात होती. नवरदेवाच्या मागे कॅमेऱ्याने सहज टिपलेले शिवार हे आज नाहीशा झालेल्या भूदृश्याचे एकमेव चलच्चित्र असू शकते.

तथापि या साधनाची एक अडचण आहे. कागद डोळ्यांनी वाचता येतो. तबकडी यंत्रावाचून वाचता येत नाही. यंत्र असले तरी तबकडीवरील मजकूर कोणत्या रीतीने मांडला आहे, हे ठाऊक नसल्यास ती ‘रिकामी’ किंवा ‘खराब’ म्हणून बाजूस टाकली जाते. पेशवे दप्तरातील रुमाल मोडी न जाणणाऱ्यास जसे मुके राहतात, तशीच ही गोष्ट होय. प्रस्तुत निबंधात चित्रतबकडीच्या दोन प्रमुख प्रकारांची, म्हणजे व्हीसीडी व डीव्हीडी यांची, अंतर्गत रचना, संगणकावर त्या चालविण्याच्या रीतीचा इतिहास, आणि साधन म्हणून त्यांची चिकित्सा कशी करावी, याचा विचार केला आहे.

२

चित्रतबकडीचे मूळ ध्वनितबकडीत आहे. फिलिप्स व सोनी या दोन संस्थांनी मिळून सिद्ध केलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली. १२ सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेषा असते, आणि त्या रेषेवरील सूक्ष्म खळग्यांवरून लेसर किरण परावर्तित होऊन मजकूर वाचला जातो. ध्वनी दर सेकंदास ४४,१०० वेळा मोजावयाचा, दोन वाहिन्यांसाठी प्रत्येक मापनास २ बाइट द्यावयाचे, असा मूळ संकेत असल्याने सेकंदास १,७६,४०० बाइट खर्च होत. हे सेकंदाचे माप ७५ खंडांत विभागले, म्हणजे प्रत्येक खंड २,३५२ बाइटांचा ठरला. २,३५२ ही संख्या पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे. कारण ध्वनीसाठी आखलेल्या या साच्यातच पुढे चित्र बसवावे लागले.

संगणकाची माहिती त्याच तबकडीवर ठेवावयाची, तर ध्वनीपेक्षा अधिक काटेकोरपणा हवा. गाण्यातील एखादा स्वरांश चुकला तर कानास कळत नाही. हिशेबातील एक आकडा चुकला तर सारा हिशेब बिघडतो. म्हणून सीडी-रॉमच्या संकेतात प्रत्येक खंडातील २,०४८ बाइट प्रत्यक्ष माहितीस देऊन उरलेली जागा मुख्यतः चूक ओळखणे व दुरुस्त करणे यांसाठी राखून ठेविली. या तबकडीवरील फायलींची नावे व जागा नोंदविण्याची सर्वमान्य पद्धत १९८८ मध्ये आयएसओ ९६६० या मानकाने निश्चित झाली.

राहिला प्रश्न चित्राचा. ३५२ बिंदू रुंद व २८८ बिंदू उंच अशी चौकट, सेकंदास २५ चौकटी, आणि प्रत्येक बिंदूस सरासरी १२ बिट, असे धरल्यास सेकंदास तीन कोटींहून अधिक बिट लागतात. ध्वनितबकडीचा वेग त्याच्या कितीतरी उणा. यातून मार्ग निघाला तो चित्र संक्षेपाने लिहिण्याच्या शास्त्रातून. या शास्त्राचा गाभा असलेले ‘डिस्क्रीट कोसाइन’ रूपांतर नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव या तिघांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले, ही गोष्ट भारतीय अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चित्राचे ८ गुणिले ८ बिंदूंचे चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनातील सावकाश बदलणारा भाग जपावयाचा, आणि डोळ्यास न जाणवणारा बारीक तपशील सोडून द्यावयाचा, हे त्याचे सार होय. त्यास दुसऱ्या एका युक्तीची जोड दिली गेली : काही चौकटी पूर्ण लिहावयाच्या, व त्यांच्या मधल्या चौकटींत केवळ काय बदलले तेवढेच नोंदवावयाचे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या एमपेग या तज्ज्ञगटाने या युक्त्यांवर आधारलेले पहिले मानक सिद्ध केले व १९९३ मध्ये ते एमपेग-१ या नावाने प्रकाशित झाले. त्यायोगे सेकंदाचे तीन कोटी बिट साडेअकरा लाखांवर आले. म्हणजे चित्र सुमारे सव्विसाव्या हिश्श्यात मावू लागले. त्याच वर्षी व्हीसीडीचा संकेत जाहीर झाला.

३

व्हीसीडी संगणकात घातली असता तिच्यावर काही कप्पे दिसतात. त्यांपैकी ‘एमपेगएव्ही’ या नावाच्या कप्प्यात ‘एव्हीसेक०१’ अशा नावाची व ‘डॅट’ हे अंत्यनाम असलेली फाइल असते. हीच चित्राची फाइल होय. इतर कप्प्यांत अनुक्रम, प्रकरणे व स्थिरचित्रे यांच्या नोंदी असतात. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्र मावते. त्यामुळेच मराठी चित्रपटाच्या वा नाटकाच्या व्हीसीडी दोन-दोन तबकड्यांच्या जोडीने विकल्या जात, आणि लग्नाच्या चित्रणाचेही ‘भाग १’ व ‘भाग २’ असत. जोडीतील एकच तबकडी हाती आली, तर अभ्यासकाने ग्रंथाचा उत्तरार्ध गहाळ आहे असे समजावे.

डॅट फाइलीविषयी एक चमत्कारिक गोष्ट आढळते. तीच फाइल दोन संगणकप्रणालींवर दोन निरनिराळ्या आकारांची दिसते. याचे कारण समजून घेतले, म्हणजे या तबकडीचे बरेचसे मर्म उलगडते. व्हीसीडीच्या रचनाकारांनी असा विचार केला की, चित्रातील एखादा बिंदू चुकल्यास हिशेबाप्रमाणे अनर्थ होत नाही. म्हणून चित्राच्या खंडांतून चूक दुरुस्तीची वाढीव तटबंदी काढून टाकून ती जागाही चित्रासच दिली. परिणामी प्रत्येक खंडात २,०४८ ऐवजी २,३२४ बाइट चित्र बसू लागले. परंतु फायलींची यादी ठेवणाऱ्या जुन्या मानकास मात्र २,०४८ चेच माप ठाऊक होते.

एक तासाच्या चित्रणाचे उदाहरण घेऊ. ३,६०० सेकंदांत प्रत्येकी ७५ खंड, म्हणजे एकूण २,७०,००० खंड झाले. तबकडीवरील यादी त्यांना २,०४८ ने गुणून ५५,२९,६०,००० बाइट असा आकार सांगते, आणि लिनक्स प्रणाली तोच आकडा दाखविते. विंडोज प्रणाली मात्र या फाइलीस ओळखून तिचे संपूर्ण खंड, म्हणजे २,३५२ चे माप, पुढे करते व आरंभी ४४ बाइटांचे एक शीर्षक जोडते; तिचा आकडा ६३,५०,४०,०४४ येतो. प्रत्यक्ष चित्रध्वनीचा मजकूर यांपैकी कोणत्याच आकड्याइतका नसून तो २,३२४ च्या हिशेबाने ६२,७४,८०,००० बाइट असतो. एकाच ग्रंथाच्या तीन पाठांत श्लोकसंख्या निरनिराळी भरावी, आणि शोधाअंती तिन्ही लेखकांची गणनेची रीत वेगळी होती असे निष्पन्न व्हावे, तसाच हा प्रकार आहे.

यातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, लिनक्सवर व्हीसीडीची डॅट फाइल साध्या रीतीने उतरवू गेल्यास वाचनात चूक दाखविली जाते, आणि तबकडी खराब आहे असा चुकीचा समज होतो. वस्तुतः तबकडी चांगली असते, केवळ वाचण्याचे माप चुकलेले असते. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. तबकडीची संपूर्ण प्रतिमा घेताना ती ‘आयएसओ’ या प्रचलित प्रकारात घेतली, तर प्रत्येक खंडातील २,०४८ बाइटच घेतले जाण्याची रीत असल्याने चित्राचा काही अंश कायमचा गळतो. व्हीसीडीची प्रतिमा ‘बिन’ व ‘क्यू’ अशा जोडफायलींच्या रूपानेच, पूर्ण २,३५२ च्या मापाने, घेतली पाहिजे. जतन केल्याच्या समाधानात मूळ वस्तू टाकून द्यावयाची व नंतर प्रत अपुरी निघावयाची, याहून मोठी हानी दुसरी नाही.

४

संगणकावर हे चित्र दिसू लागले तो इतिहासही अल्प शब्दांत सांगितला पाहिजे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात घरगुती संगणकाच्या मूळ प्रक्रियकास एमपेग चित्र उलगडण्याइतका वेग नव्हता. त्यासाठी स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. पेंटियम वर्गातील प्रक्रियक सामान्य झाल्यावर हे काम केवळ आज्ञावलीच्या बळावर होऊ लागले, व विंडोजच्या त्यापुढील आवृत्त्यांत एमपेग-१ उलगडण्याची सोय अंगभूत आली. डॅट फाइलीचे अंत्यनाम बदलून ‘एमपीजी’ करावे म्हणजे ती चालते, ही युक्ती त्या काळी संगणक वापरणाऱ्या पुष्कळांस ठाऊक होती. ती चाले याचे कारण असे की, आतील मजकूर मुळातच एमपेग-१ चा होता, आणि बहुतेक आज्ञावल्या आरंभीचे शीर्षक व खंडांच्या कडा ओलांडून मजकुरापर्यंत पोहोचत. अंत्यनाम हे वेष्टनावरील नाव असते. त्यावरून आतील लिपी ठरत नाही, हा धडा त्यात आहे.

व्हीसीडी अमेरिकेत व युरोपात फारशी रुजली नाही. तेथील घरे चित्रफितीवरून थेट डीव्हीडीकडे गेली. चीन, आग्नेय आशिया व भारत येथे मात्र तिचा मोठा प्रसार झाला. तिचा चालक स्वस्त होता, फितीस दमट हवेत जी बुरशी लागते ती तबकडीस लागत नसे, तिच्यावर कुलूप नव्हते, आणि कोणत्याही संगणकावर ती लावता येई. महाराष्ट्रात नाटकांच्या व चित्रपटांच्या व्हीसीडींनी जो प्रेक्षक मिळविला, तो या स्वस्ताईमुळेच. २००७ मध्ये मोझर बेअर या तबकड्या बनविणाऱ्या भारतीय संस्थेने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास आरंभ केला. दर इतके उतरल्याने व्हीसीडी व डीव्हीडी यांतील किमतीचा भेद जवळजवळ नाहीसा झाला. हीच संस्था २०१८ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशाने परिसमापनात गेली. या दोन वर्षांच्या दरम्यान भारतातील चित्रतबकडीच्या व्यवहाराचा उत्कर्ष व अस्त सामावलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

५

डीव्हीडी १९९६ मध्ये प्रथम जपानात विक्रीस आली. आकार तोच; परंतु लेसरची तरंगलांबी सुमारे ७८० नॅनोमीटरवरून ६५० वर आली आणि सर्पिलाच्या वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रोमीटरवरून ०.७४ वर आले. त्यामुळे एका थराच्या तबकडीवर ४.७ अब्ज बाइट मावू लागले. चित्र एमपेग-२ या १९९० च्या दशकाच्या मध्यास सिद्ध झालेल्या मानकाने लिहिले जाई, आणि भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत त्याची चौकट ७२० गुणिले ५७६ बिंदूंची असे.

या तबकडीवरील ‘व्हिडिओ टीएस’ या कप्प्यात तीन प्रकारच्या फायली आढळतात. ‘व्हॉब’ फायलींत चित्र, ध्वनी व उपशीर्षके एकत्र गुंफलेली असतात. ‘आयएफओ’ फायलींत कोणता भाग कोणत्या क्रमाने लावावयाचा याची सूची असते. आणि ‘बप’ ही त्या सूचीची राखीव प्रत होय. एक व्हॉब फाइल १ गिगाबाइटहून मोठी होऊ द्यावयाची नाही, असा संकेत असल्यामुळे सलग चित्रणही अनेक तुकड्यांत विभागलेले दिसते. हे तुकडे स्वतंत्र प्रसंग आहेत अशी समजूत करून घेणे चूक आहे. तसेच केवळ व्हॉब फायली उतरवून घेऊन सूची मागे टाकल्यास प्रकरणे व अनुक्रम हरपतो. पोथीची पाने आणून पृष्ठांक मात्र पुसून टाकावेत, तसे ते होय.

डीव्हीडीच्या वाचनास आणखी दोन अडथळे होते. पहिला प्रदेशांकाचा. जगाचे भाग पाडून प्रत्येकास एक अंक दिला होता, व भारत पाचव्या प्रदेशात मोडत असे. पहिल्या प्रदेशात, म्हणजे अमेरिकेत, विकल्या गेलेल्या चालकावर पाचव्या प्रदेशाची तबकडी चालत नसे. शिवाय पाल पद्धतीचे चित्र तेथील दूरदर्शनसंचावर दिसण्यास अडचण येई. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस पुण्याहून नातेवाइकांनी पाठविलेली लग्नाची तबकडी पाहावयाची, तर संगणक हाच सोयीचा मार्ग ठरला. कारण घरी उतरविलेल्या तबकडीवर प्रदेशांकाचे बंधन सहसा नसे, आणि पाल वा एनटीएससी हा भेद संगणकाच्या पडद्यास जाणवत नाही.

दुसरा अडथळा कुलपाचा. विक्रीच्या डीव्हीडींवरील मजकूर ४० बिटांच्या किल्लीने गूढ केलेला असे. १९९९ मध्ये हे कुलूप उलगडणारी आज्ञावली प्रसृत झाली. त्या प्रकरणी नॉर्वेतील योन लेक योहानसेन या तरुणावर खटला झाला व २००३ मध्ये तो निर्दोष ठरला. दरम्यान पॅरिसजवळील एकोल सेंत्राल या विद्यालयात १९९६ मध्ये सुरू झालेला व्हिडिओलॅन हा विद्यार्थ्यांचा प्रकल्प २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झाला. त्यातून निघालेला व्हीएलसी हा चालक डॅट, व्हॉब व इतर बहुतेक प्रकार वेगळ्या साहाय्यकाविना चालवितो. विंडोज एक्सपीवर एमपेग-२ साठी निराळी आज्ञावली घ्यावी लागे. विंडोज ७ च्या बहुतेक आवृत्त्यांत ती अंगभूत होती. २०१२ च्या विंडोज ८ मधून डीव्हीडी चालविण्याची सर्वसाधारण सोय पुन्हा काढून टाकण्यात आली. म्हणजे वाचनाचे सामर्थ्य काळाबरोबर वाढतच जाते असे नाही, ते ओसरतेही. मोडीचे शिक्षण शाळांतून गेल्यावर कागदपत्रांचे जे झाले, त्याचेच हे दुसरे रूप आहे.

६

आता साधन म्हणून या तबकडीची चिकित्सा कशी करावयाची ते पाहू. हस्तलिखिताच्या शेवटी पुष्पिका असते व तीत लेखकाचे नाव आणि लेखनकाल सापडतो. तबकडीलाही पुष्पिका असते. आयएसओ ९६६० च्या रचनेत आरंभीच्या एका नोंदीत तबकडीचे नाव, ती लिहिणाऱ्या आज्ञावलीचे नाव आणि निर्मितीचा दिनांक व वेळ यांस जागा ठेविलेली आहे. तथापि हा दिनांक लिहिणाऱ्या संगणकाच्या घड्याळावरून घेतलेला असतो, आणि ते घड्याळ चुकीचे असण्याचा संभव नेहमीच असतो. शिवाय तो तबकडी लिहिल्याचा दिनांक होय, चित्रणाचा नव्हे. १९९५ च्या लग्नाची चित्रफीत २००५ मध्ये तबकडीवर उतरविली असेल, तर पुष्पिका २००५ च सांगेल. तेथे अंतर्गत पुराव्याकडे वळले पाहिजे.

असा पुरावा चित्रातच मिळतो. चौकटीच्या तळाशी थरथरणारी एक अरुंद पट्टी दिसल्यास चित्र मूळ चित्रफितीवरून आले आहे, असे बहुधा समजावे. फितीच्या यंत्रातील एक वाचकशीर्ष सोडून दुसरे धरण्याची ती खूण असते. डीव्हीडीवरील हलत्या आकृतींच्या कडा कंगव्याच्या दात्यांसारख्या दिसल्यास चित्रण आंतरगुंफित रेषांच्या कॅमेऱ्याने झाले आहे. व्हीसीडीत निम्म्याच रेषा असल्याने ही खूण सहसा उरत नाही. एकाच समारंभाची व्हीसीडी व डीव्हीडी दोन्ही उपलब्ध असतील, तर दुसरीस अधिक प्रमाण मानावे. परंतु ती व्हीसीडीवरूनच पुन्हा बनविलेली नाही, याची खात्री आधी करून घ्यावी. प्रतीवरून केलेल्या प्रतीची परंपरा ठरविणे हे पाठचिकित्सेचे जुनेच कार्य येथेही करावे लागते.

त्याखेरीज चित्रणामागील हेतूचाही विचार हवा. लग्नाच्या चित्रणात ज्याने पैसे दिले त्याची दृष्टी असते. मानाची माणसे, दागिने, आहेर व वाहने यांवर कॅमेरा रेंगाळतो. राबणारी माणसे चौकटीच्या कडेस असतात. संकलक मधले प्रसंग कापून त्यावर गाणी चढवितो, आणि त्यामुळे त्या वेळचा मूळ ध्वनी, म्हणजे बोली, हाका व मंगलाष्टकांचे सूर, पुष्कळदा नाहीसे होतात. असे असूनही, किंबहुना म्हणूनच, पार्श्वभूमीत नकळत टिपले गेलेले तपशील अधिक विश्वसनीय ठरतात. जे दाखविण्याचा कोणाचाच हेतू नव्हता, ते खोटे दाखविण्याचाही हेतू नव्हता. माणसारख्या गावाच्या इतिहासकारास या पार्श्वभूमीचाच अधिक उपयोग आहे.

७

हे साधन किती काळ उपलब्ध राहील, हा खरा प्रश्न आहे. कारखान्यात छापलेल्या तबकडीत खळगे प्लॅस्टिकमध्ये घडविलेले असतात व त्यांवर ॲल्युमिनियमचा थर असतो. घरी वा दुकानात लिहिलेल्या तबकडीत मात्र खळगे नसतात. रंगद्रव्याच्या थरावर लेसरने डाग पाडलेले असतात. हे द्रव्य ऊन, उष्णता व दमटपणा यांनी फिके पडते. लग्नाच्या तबकड्या या दुसऱ्या वर्गातील होत. व्हीसीडीत चूक दुरुस्तीची वाढीव तटबंदी नसल्याचे वर सांगितलेच आहे. म्हणून तिच्यावरील झीज चित्रात लवकर उमटते. एक पूर्ण चौकट बिघडली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या मधल्या चौकटीही बिघडतात, आणि पडद्यावर क्षणभर चौकोनांचा खच दिसतो. लहान कॅमेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या ८ सेंटिमीटरच्या तबकड्यांविषयी आणखी एक सूचना आवश्यक आहे. चित्रण संपल्यावर ‘फायनलाइज’ ही समाप्तीची क्रिया राहून गेली असल्यास अशी तबकडी संगणकास कोरी वाटते. तिच्यावर चित्र असते. केवळ सूची लिहावयाची राहिलेली असते. अशा तबकडीस कोरी समजून टाकून देऊ नये.

दुसरीकडे तबकडी वाचणारे यंत्रच दुर्मीळ होत चालले आहे. नव्या मांडीसंगणकांत तबकडीचा कप्पा बहुधा नसतो. ज्या माणच्या भूमीवर जगाच्या अनेक देशांसाठी आज्ञावल्या लिहिल्या जातात, त्याच माणच्या घरांत लग्नाची सीडी लावावयास यंत्र मिळू नये, ही विसंगती इतिहासकारास अंतर्मुख करणारी आहे.

पुण्यास या बाबतीत एक कटू अनुभव आहे. ८ जानेवारी २००३ रोजी प्रभातच्या जुन्या आवारातील कोठारास आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला. १९६४ मध्ये स्थापन झालेली व २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेली ही संस्था चित्रपटांच्या जतनाचे काम करीत असूनही ही हानी टळली नाही. परंतु त्या आगीची निदान वार्ता तरी झाली. काय जळले याची यादी होती. घराघरांतील तबकड्यांचे रंगद्रव्य फिके पडते त्याची वार्ता होत नाही, आणि यादी तर कोणाकडेच नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. २०१२ मध्ये सुधारलेल्या प्रतिलिप्यधिकार कायद्याच्या कलम ५२ अन्वये अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी एखादी कृती विद्युत्-साधनांनी साठविता येते. अट अशी की, त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाजवळ आधीच असली पाहिजे. कागद नाशवंत व अंकीय प्रत चिरंतन, असे गृहीत या तरतुदीमागे दिसते. चित्रतबकडी मुळातच अंकीय असल्याने ती या सवलतीबाहेर राहते. जी वस्तू कागदापेक्षाही लवकर नष्ट होते, तिलाच जतनाची मोकळीक नाही. सुदैवाने घरगुती चित्रणाच्या बाबतीत मार्ग सुलभ आहे. मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रणाचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, ते करवून घेणारा असतो, असे कलम १७ सांगते. तेव्हा कुटुंबाची लेखी संमती घेऊन विद्यापीठाच्या विभागास अशा तबकड्यांच्या प्रती करता येतील. चित्रणात दिसणाऱ्या इतर व्यक्तींच्या खासगीपणाची बूज मात्र राखली पाहिजे.

कार्यपद्धती पुढीलप्रमाणे असावी. प्रथम तबकडीचे वेष्टन व त्यावरील हस्तलिखित मजकूर यांचे छायाचित्र घ्यावे. नंतर व्हीसीडी असल्यास बिन-क्यू रूपाने व डीव्हीडी असल्यास आयएसओ रूपाने संपूर्ण प्रतिमा घ्यावी, आणि खराब खंड पुनःपुन्हा वाचून पाहणारी साधने वापरावीत. पाहण्यासाठी नव्या प्रकारातील प्रत जरूर करावी; परंतु मूळ प्रतिमा कधीही टाकू नये, कारण प्रत्येक रूपांतरात काही अंश गळतोच. प्रतिमेची अंकखूण काढून नोंदवावी, म्हणजे पुढे ती बदलली वा कसे हे ताडून पाहता येईल. शेवटी कुटुंबातील वडीलधाऱ्यांसह ती पाहून स्थळे व प्रसंग यांची ओळख लिहून घ्यावी. हे शेवटचे काम सर्वांत निकडीचे आहे. तबकडीचे यंत्र उद्या कोठूनही आणता येईल. वरातीच्या मागे दिसणारे ते वावर कोणाचे, त्याचे नाव काय, हे सांगणारा माणूस पुन्हा आणता येणार नाही.

मुळशी तालुक्यात १९२१ साली धरणासाठी जाणाऱ्या जमिनींवरून सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. त्या लढ्याचा इतिहास आज लिहिता येतो, याचे कारण त्या काळचे कागद टिकले व ते वाचणारे लोक राहिले. त्याच तालुक्याच्या पूर्व भागात आठ दशकांनंतर झालेल्या स्थित्यंतराची साधने आज फडताळांत पडून आहेत. पुण्यास राजवाड्यांनी दप्तरे शोधीत गावोगाव हिंडण्याची परंपरा घालून दिली आहे. त्या परंपरेतील अभ्यासकाने आता रुमालाबरोबर तबकडीही मागावयास हवी, आणि ती हाती आल्यावर वाचावयाची कशी, हे त्यास ठाऊक असावयास हवे.